पेरणी सरकारची, खळे कोणाचे?

१९९९ च्या जानेवारीत हबल दुर्बिणीवरील एक महत्त्वाचे उपकरण निकामी झाले. अवरक्त किरण टिपणारा ‘निकमॉस’ हा कॅमेरा १९९७ साली दुर्बिणीवर बसविण्यात आला होता, आणि तो थंड राहावा म्हणून त्यात घन नायट्रोजनचा साठा ठेवला होता. आतील भागांचा नको तेथे स्पर्श झाल्याने उष्णता शिरली आणि हा साठा अपेक्षेच्या पुष्कळ आधी उडून गेला. कॅमेरा शाबूत होता, पण थंडाव्यावाचून आंधळा झाला होता. तो पुन्हा डोळस केला तो न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅनोव्हर या लहानशा गावातील ‘क्रिअरे’ नावाच्या एका छोट्या कंपनीने. निऑन वायू बंद नळ्यांतून खेळवून, मिनिटाला काही लाख फेरे घेणाऱ्या इवल्याशा टर्बाइनच्या साहाय्याने उणे १९६ अंशांच्या आसपास तापमान राखणारे एक शीतयंत्र या कंपनीने घडविले होते. १९९८ च्या ऑक्टोबरात अवकाशयानातून त्याची चाचणी झाली आणि २००२ च्या मार्चमध्ये अंतराळवीरांनी ते हबलवर बसविले. कॅमेरा पुढे काही वर्षे काम करीत राहिला.

अशा यंत्राला बाजार नसतो. बिघडलेली अवकाश-दुर्बीण जगात एकच होती. कोणत्याही बँकेने, कोणत्याही सावकाराने, उद्यमभांडवल पुरविणाऱ्या कोणत्याही धनिकाने अशा संशोधनात पैसा घातला नसता. आणि खाजगी नफ्याच्या हिशेबाने पाहिले तर त्याचे ते वागणे चुकीचेही ठरले नसते. पैसा आला तो सरकारी तिजोरीतून. लहान उद्योगांकडून नवसंशोधन करवून घेण्याची जी योजना अमेरिकेत ‘एसबीआयआर’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते, तिच्या नासाकडील शाखेने क्रिअरेच्या या तंत्राला वर्षानुवर्षे पोसले होते.

या योजनेचा जन्म मोठा उद्बोधक आहे. १९७७ च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात रोलंड टिबेट्स या अधिकाऱ्याने तिचा पहिला प्रयोग केला. तोवर सरकारी संशोधनाचा पैसा मुख्यतः विद्यापीठे, सरकारी प्रयोगशाळा आणि संरक्षणसाहित्य बनविणाऱ्या बड्या कंपन्या यांच्यातच वाटला जात असे. लहान कारखानदाराने दार ठोठावले तरी ते उघडत नसे. १९८० च्या जानेवारीत लघुउद्योगांची एक राष्ट्रीय परिषद व्हाइट हाउसने भरविली, तीतून मागणीला जोर चढला, आणि पुढे विद्यापीठांचा व काही सरकारी खात्यांचा विरोध मोडून काँग्रेसने कायदा केला. २२ जुलै १९८२ रोजी त्यावर सही कोणी करावी? सरकार हे प्रश्नाचे उत्तर नसून सरकार हाच प्रश्न आहे, असे दीडच वर्षापूर्वी पदग्रहणाच्या भाषणात जगाला सुनावणाऱ्या रोनाल्ड रेगन यांनी! मुक्त अर्थव्यवस्थेचे प्रवचन परदेशासाठी आणि नियोजन घरच्यासाठी, ही रीत काही तेव्हा नवी नव्हती.

कारण एसबीआयआर हे नियोजनच आहे. त्याला दुसरे नाव नाही. ज्या केंद्रीय खात्यांचा बाहेरच्यांकडून संशोधन करवून घेण्याचा वार्षिक खर्च १० कोटी डॉलरहून अधिक असेल, त्यांनी त्यातील ठराविक टक्का लहान उद्योगांसाठी राखून ठेवलाच पाहिजे, असे या कायद्याने ठरविले. आरंभी हा वाटा ०.२ टक्के होता. चढत चढत तो १.२५ झाला, १९९२ च्या दुरुस्तीने १९९७ पर्यंत २.५ वर नेण्यात आला आणि २०१७ पर्यंत ३.२ टक्क्यांवर पोहोचला. १९९२ मध्येच लहान उद्योग व विद्यापीठे यांनी मिळून करावयाच्या संशोधनासाठी एक धाकटी योजनाही जोडली गेली. म्हणजे हे राखीव जागांचेच तत्त्व झाले. सामाजिक राखीव जागांचे नाव काढताच ‘गुणवत्तेचे काय?’ म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे, की जगातील सर्वांत प्रबळ भांडवलशाही राष्ट्राने विज्ञानाच्या अंदाजपत्रकात दुबळ्यासाठी जागा राखली आणि तीतून गुणवत्ताच बाहेर आली.

योजनेची रचना तीन पायऱ्यांची आहे. नासा दरवर्षी आपल्याला काय हवे याची विषयसूची प्रसिद्ध करी: विमानाच्या पंखावर साचणारे बर्फ आधी कसे ओळखावे, मंगळावरील धूळ यंत्राच्या सांध्यांत शिरू नये म्हणून काय करावे, असे नेमके प्रश्न त्यात असत. पहिल्या पायरीत सुमारे सहा महिने आणि दीड लाख डॉलरच्या घरातील रक्कम मिळे. कल्पनेत दम आहे की नाही एवढेच तिथे सिद्ध करावयाचे. दुसऱ्या पायरीत दोन वर्षे आणि साडेआठ लाख डॉलरपर्यंत. यात प्रत्यक्ष नमुना उभा राहावा ही अपेक्षा. तिसऱ्या पायरीला राखीव निधीतून एक डॉलरही नाही. मात्र तिथे पैशाहून मोलाचा एक हक्क कायद्याने दिला आहे. ज्या कंपनीने पहिल्या दोन पायऱ्या ओलांडल्या, तिच्याकडून सरकारी खाते पुन्हा निविदा न मागविता ती वस्तू खरेदी करू शकते. पेटंट कंपनीचेच राहते, तांत्रिक माहिती ठराविक वर्षे बाहेर फोडण्यास सरकारला बंदी असते. आणि पात्रतेच्या दोन अटी कटाक्षाने पाळल्या जातात: कंपनीत पाचशेहून अधिक माणसे नसावीत, आणि तिची निम्म्याहून अधिक मालकी सर्वसाधारणतः अमेरिकन नागरिक किंवा कायम रहिवासी यांच्या हाती असावी. परकीय भांडवलाला सगळ्या जगाने दारे उघडावीत असा आग्रह धरणारा देश स्वतःच्या संशोधनाच्या दाराशी हा रखवालदार बसवितो.

या मार्गाने पुष्कळ चांगले काम झाले, हे मान्य करण्यात समाजवाद्यांनी संकोच बाळगण्याचे कारण नाही. बोरिस पोपोव्ह या तरुणाचा ग्लायडर १९७५ साली मिनेसोटात एका तळ्यावर हवेतच मोडला. तो वाचला, आणि सबंध विमानालाच हवाई छत्री का नसावी, या प्रश्नाने त्याला झपाटले. १९८० मध्ये त्याने त्यासाठी छोटी कंपनी काढली. नासाच्या लघुउद्योग-निधीने छत्रीचे हलके कापड, ती उघडण्याची गती, तिचा ताण यांवरील प्रयोगांना हात दिला आणि १९९८ साली प्रमाणपत्र मिळालेल्या सिरस कंपनीच्या चार आसनी विमानात अशी छत्री मुळातच बसविलेली होती. त्या कंपनीच्या विमानांतील दोनशेहून अधिक माणसे तिच्यामुळे जिवंत जमिनीवर उतरली आहेत. बड्या विमान कंपन्यांना हे सुचले नाही असे नव्हे. अपघाताची आठवण गिऱ्हाइकाला करून देणारी वस्तू विकण्यात त्यांना रस नव्हता, इतकेच.

प्रश्न सुरू होतो तो यानंतर. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर ‘हनीबी रोबोटिक्स’ नावाचा, १९८३ साली स्थापन झालेला एक कारखाना होता. मंगळावर २००४ साली उतरलेल्या ‘स्पिरिट’ व ‘ऑपॉर्च्युनिटी’ या गाड्यांच्या हातातील, खडक खरवडणारे यंत्र याच कारखान्याने बनविले. जागतिक व्यापार केंद्राचे मनोरे २००१ मध्ये कोसळले तेव्हा हे काम त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर चालू होते, आणि त्या ढिगाऱ्यातील ॲल्युमिनियमचा एक तुकडा यंत्राच्या वायरींवरील आवरणासाठी वापरून कामगारांनी मृतांची स्मृती मंगळावर पोहोचविली. नासाच्या लघुउद्योग-निधीवर पुष्कळ अंशी वाढलेला हा कारखाना २०१७ मध्ये एका मोठ्या उद्योगसमूहाने घेतला आणि २०२२ मध्ये तो जेफ बेझोस यांच्या ‘ब्ल्यू ओरिजिन’कडे गेला. अवकाशस्थानकावर २०१४ साली पहिला त्रिमितीय छपाईयंत्र पाठविणारी ‘मेड इन स्पेस’ ही कंपनीही याच निधीच्या अंगाखांद्यावर खेळली. २०२० मध्ये एका खाजगी गुंतवणूक संस्थेने उभारलेल्या ‘रेडवायर’ने ती विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी रेडवायरचे समभाग न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात दाखल झाले.

यात बेकायदेशीर काही नाही, आणि ज्यांनी आयुष्य खर्ची घालून कारखाना उभारला त्यांनी तो विकला तर त्यांना दोष देणेही उचित नाही. परंतु हिशेब मांडला पाहिजे. सहा महिन्यांचे पहिले अनुदान, जेव्हा कल्पना फसण्याचाच संभव अधिक होता, ते कराच्या पैशातून आले. फसलेल्या कल्पनांचा खर्चही त्याच करांतून गेला. पीक डोलू लागल्यावर मात्र खळे जगातील अतिश्रीमंतांपैकी एकाच्या अंगणात पडले. सार्वजनिक पैशाने झालेल्या संशोधनाचे पेटंट कंपनीकडेच राहू देणाऱ्या १९८० च्या बे-डोल कायद्यात शासनाने दोन हक्क स्वतःकडे ठेवले आहेत. एक, सरकारी कामासाठी तो शोध फुकट वापरण्याचा. दुसरा, मालकाने तो लोकोपयोगात आणला नाही तर इतरांना परवाना देण्याचा. यांपैकी दुसरा हक्क पहिल्या चार दशकांत एकदाही बजावला गेला नाही. अर्थशास्त्रज्ञ मारियाना मात्सुकातो यांनी २०१३ च्या ‘द आंत्रप्रिन्युरियल स्टेट’ या ग्रंथात याच वर्मावर बोट ठेवले: धोका समाजाचा होतो, फळ खाजगी होते.

यावर नेहमीचे उत्तर असे, की कंपनी वाढली म्हणजे ती कर भरते, रोजगार देते आणि त्या वाटेने सरकारला परतफेड होते. बड्या कंपन्या करसवलतींच्या कोणत्या गल्लीबोळांतून चालतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे उत्तर पटण्यासारखे नाही. शिवाय दुसरी वाट उपलब्ध आहे. इस्रायलच्या अन्य धोरणांविषयी कोणाचे काहीही मत असो, तिथे संशोधन-अनुदान घेणाऱ्या कंपनीला माल खपू लागल्यावर विक्रीच्या काही टक्के रक्कम सरकारला परत द्यावी लागते आणि ते ज्ञान परदेशी न्यावयाचे तर वेगळी किंमत मोजावी लागते. अपयश आले तर सरकार विसरून जाते. यश आले तर वाटा मागते. कोणत्याही शेतमालकाला समजेल असा हा व्यवहार आहे.

अनुदानाचा उपयोग होतो का, याची अर्थशास्त्रज्ञांनी केलेली तपासणीही पाहण्याजोगी आहे. जॉश लर्नर यांना १९९९ मध्ये असे आढळले, की अनुदान मिळालेल्या कंपन्या इतरांपेक्षा वेगाने वाढल्या खऱ्या, पण मुख्यतः जिथे उद्यमभांडवल आधीच खेळत होते अशाच भागांत. पाठोपाठ २००० मध्ये स्कॉट वॉल्स्टन यांनी दाखविले, की कित्येक कंपन्यांनी सरकारी पैसा आला तितकाच स्वतःचा संशोधनखर्च कमी केला. ऊर्जा खात्याच्या अनुदानांचा सबरीना हॉवेल यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास त्याहून सूक्ष्म आहे. पहिल्या पायरीचे छोटे अनुदान मिळाल्याने कंपनीला पुढे खाजगी भांडवल मिळण्याचा संभव जवळजवळ दुप्पट झाला. दुसऱ्या पायरीच्या कितीतरी मोठ्या रकमेने मात्र फारसा फरक पडला नाही. विशेष म्हणजे लाभ सर्वांत अधिक झाला तो तरुण, नवख्या आणि पैशाची चणचण असलेल्या कंपन्यांना. थोडक्यात, सरकारचा थोडा पैसा, फार आधी आणि ज्याला कोणी विचारीत नाही त्याला मिळाला, तरच तो कामी येतो.

उलट अनुभवही आहे. अनुदानाचे अर्ज लिहिण्यातच प्रावीण्य मिळविलेल्या, वर्षामागून वर्षे डझनावारी अनुदाने पटकावणाऱ्या आणि बाजारात क्वचितच काही आणणाऱ्या कंपन्यांचा एक वर्ग अमेरिकेत तयार झाला. अशा कंपन्यांवर किती निर्बंध घालावेत, एकाच कंपनीने एकूण किती घ्यावे यास मर्यादा असावी की नाही, आणि परकीय संबंधांची छाननी किती कडक असावी, यांवर काँग्रेसमध्ये एकमत झाले नाही. २०२२ साली तीन वर्षांसाठी वाढविलेली योजनेची मुदत ३० सप्टेंबर २०२५ रोजी तशीच संपली आणि नवी अनुदाने देण्याचे काम ठप्प झाले. ज्या लहान कारखान्याचा पगार पहिल्या व दुसऱ्या पायरीच्या मधल्या कोरड्या महिन्यांत आधीच अडखळतो, त्याला अशा राजकीय रस्सीखेचीचा फटका प्रथम बसतो. बोइंगला बसत नाही.

आता भारताकडे वळावे. जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये अमेरिकन योजनेचेच नाव जवळजवळ जसेच्या तसे घेऊन लघुउद्योगांसाठी संशोधन-साहाय्य सुरू केले होते. अवकाश व विमान क्षेत्रात मात्र वारे वेगळ्या दिशेने वाहिले. २०२० मध्ये केंद्र सरकारने अवकाश क्षेत्र खाजगी उद्योगांना खुले केले आणि ‘इन-स्पेस’ ही संस्था स्थापन केली. २०२४ च्या ऑक्टोबरात मंत्रिमंडळाने अवकाश कंपन्यांसाठी १,००० कोटी रुपयांचा उद्यमभांडवल निधी मंजूर केला. त्यातून सुमारे चाळीस कंपन्यांना प्रत्येकी १० ते ६० कोटी रुपये भागभांडवल म्हणून द्यावयाचे आहेत. शासन भागभांडवल घेते, म्हणजे यशात वाटा मागते. ही गोष्ट अमेरिकेपेक्षा निश्चित बरी आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. परंतु ज्या कंपनीला दहा कोटी पचविता येतात ती कंपनी पहिल्या पायरीवरची नव्हे. २०२५ मध्ये संशोधन-विकासासाठी जाहीर झालेल्या १ लाख कोटी रुपयांच्या योजनेचेही तेच. तिच्यातील दीर्घ मुदतीची, अल्प वा शून्य व्याजाची कर्जे तंत्र-परिपक्वतेच्या चौथ्या इयत्तेपासून पुढच्या प्रकल्पांसाठी आहेत. ही एक ते नऊ अशी इयत्तांची पट्टी मूळ नासाचीच. पहिल्या तीन इयत्ता म्हणजे कल्पना, गणित आणि टेबलावरचा पहिला प्रयोग. जिथे सरकारी पैशाचा परिणाम सर्वांत अधिक होतो असे अभ्यास सांगतात, नेमकी तीच जागा या दोन मोठ्या निधींनी रिकामी सोडली आहे. इन-स्पेसची एक कोटीपर्यंतची बीज-निधी योजना आहे, हे खरे; पण लाख कोटींच्या आकड्याशेजारी ती ठेवून पाहावी.

अवकाश-विमान उद्योग म्हणजे काय, याची भारतीय वृत्तपत्रांतील प्रतिमा बंगळूर-हैदराबादमधल्या काचेच्या इमारतींची आणि परदेशी शिक्षण घेतलेल्या तरुणांची झाली आहे. महाराष्ट्रातील वाचकाला दुसरे चित्र ठाऊक असावयास हरकत नाही. १९४० साली बंगळूरला म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने विमान कारखाना काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांच्या नावाच्या इंदापूर तालुक्यातील गावी साखरयंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात १९७० च्या दशकापासून इस्रोच्या अग्निबाणांची कवचे तयार होत आली. ओझरला मिग विमानांचा सरकारी कारखाना १९६४ मध्ये आला आणि त्याच्या आधाराने नाशिक परिसरात सुटे भाग करणारी लहान वर्कशॉपे उभी राहिली. तिथल्या टर्नर-फिटरच्या हातात जे कसब आहे ते कोणत्याही ‘स्टार्ट-अप’च्या सादरीकरणात दिसत नाही. पण वर्कशॉपचा मालक संशोधन करू म्हणेल तर त्याने जावे कोठे? भागभांडवल देणाऱ्याला सात-आठ वर्षांत दसपट होणारी कंपनी हवी असते. ह्याची कंपनी दसपट होणार नाही, ती फक्त एक अवघड झडप अधिक चांगली करील. बँक तारण मागते. आणि समजा, त्याने स्वखर्चाने झडप केलीच, तर सरकारी खरेदी मुख्यतः कमीत कमी दराच्या निविदेवर चालते. नमुना ह्याने करावयाचा आणि तो पाहून दुसऱ्याने दोन रुपये कमी दर भरावयाचा, हे ज्याने एकदा अनुभवले तो दुसऱ्यांदा प्रयोग करीत नाही.

म्हणून अमेरिकेकडून घ्यावयाचे ते पैशाचे आकडे नव्हेत. इस्रो, हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि संरक्षण संशोधन संघटना यांच्या बाहेरून करवून घ्यावयाच्या विकासकामातील एक ठराविक टक्का कायद्याने लहान उद्योगांसाठी राखून ठेवणे; तोही कार्यकारी आदेशाने नव्हे, संसदेच्या कायद्याने, म्हणजे दरवर्षी त्याचा हिशेब सभागृहात मागता येईल. पंचवीस-तीस लाखांची पुष्कळ छोटी अनुदाने, विषयसूची मराठी-तमिळ-कन्नडमधूनही प्रसिद्ध करून, आयटीआय झालेल्या कारागिराच्या सहकारी संस्थेलाही अर्ज करता येईल अशा सुटसुटीत रीतीने देणे. यशस्वी नमुन्याची पहिली सरकारी खरेदी निविदेवाचून करण्याची तरतूद. आणि त्यासोबत अमेरिकेने जे केले नाही तेही: विक्री सुरू झाल्यावर ठराविक टक्के परतफेड, आणि कंपनी बड्या घराण्याला वा परदेशी मालकाला विकली जात असेल तर दिलेल्या अनुदानाच्या काही पट रक्कम सार्वजनिक निधीत जमा. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने उपग्रहनिर्मितीत ७४ टक्क्यांपर्यंत, प्रक्षेपकांत ४९ टक्क्यांपर्यंत आणि सुट्या भागांत थेट १०० टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणूक आपोआप मंजूर होईल अशी वाट मोकळी केली. सुटे भाग हेच लहान कारखान्याचे क्षेत्र, आणि तिथेच दार सताड उघडे! अमेरिकेच्या रखवालदाराची आठवण इथे झाल्यावाचून राहत नाही.

विकावयाचेच तर कामगारांना आधी विकत घेण्याचा हक्क असावा, हीही मागणी अव्यवहार्य म्हणून झटकून टाकता येणार नाही. ज्या हॅनोव्हर गावातून हबलचे शीतयंत्र आले, त्याच गावात क्रिअरेच्या कुशीतून १९६८ मध्ये धातू कापणारी यंत्रे बनविणारी ‘हायपरथर्म’ ही कंपनी निघाली. २०१४ पासून तिची संपूर्ण मालकी तिच्या कामगारांकडे आहे, आणि तिची यंत्रे जगभर विकली जातात.